आमच्या आकृत्यांना पुन्हा कुलूप लावू नका

प्रति,
मा. अध्यक्ष व नियामक मंडळाचे सर्व सदस्य,
आमची शिक्षण संस्था यांस

विषय : शाळांमधील आकृत्या व मुक्त सॉफ्टवेअर यांविषयीचे परिपत्रक मागे घेण्याबाबत

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार. मी आपल्याच संस्थेच्या एका माध्यमिक शाळेत 21 वर्षे विज्ञान शिकवते आहे. गेल्या महिन्यात आपले परिपत्रक आले. यापुढे प्रश्नपत्रिका, प्रयोगवह्या आणि सरावसंच यांतली प्रत्येक आकृती एकाच ठरावीक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार व्हावी, असे त्यात म्हटले आहे. त्या सॉफ्टवेअरचे दोन परवाने मुख्य कार्यालयात घेतले आहेत. शाळांनी आकृतीचा कच्चा नमुना कागदावर काढून तिकडे पाठवायचा, आणि आपापल्या संगणक कक्षातून ‘अनधिकृत मोफत सॉफ्टवेअर’ काढून टाकायचे. चौथ्याच दिवशी आमच्या कक्षातल्या 12 संगणकांवरून आकृत्या काढण्याचे इंकस्केप आणि कार्यालयीन कामाचे लिबरऑफिस ही मोफत सॉफ्टवेअर काढली गेली. आठवीची मुले त्या दिवशी अन्नसाखळीची आकृती अर्धी सोडून उठली.

मी दोनदा लेखी निवेदन दिले. उत्तर मिळाले नाही. मराठी माध्यमाच्या कितीतरी शाळांत आज ना उद्या हाच प्रश्न उभा राहणार आहे, म्हणून आपल्याला लिहायचे ते आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

हा विषय मला इतका का लागला, ते आधी सांगते.

2009 साली मी मानवी हृदयाची आकृती तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडे बसून करून घेतली. त्यानंतर नेफ्रॉन, डोळा, जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद, वनस्पती पेशी, अशा करत करत 64 आकृत्या झाल्या. पैसे माझे, सुट्ट्याही माझ्या. सीडीवर सगळे जपून ठेवले होते. 2016 मध्ये अभ्यासक्रमातला एक शब्द बदलायचा म्हणून ती फाइल नव्या संगणकावर उघडली. ते सॉफ्टवेअर मिळवायलाच दोन आठवडे गेले होते. हृदय दिसले, रक्तवाहिन्या दिसल्या, पण ‘डावे अलिंद’ जिथे होते तिथे अर्धविराम, कंस आणि रोमन अक्षरांचा कचरा. ‘महाधमनी’ गेली, ‘निलय’ गेले. 64 च्या 64 आकृत्यांत एकही मराठी शब्द शिल्लक नव्हता.

कारण नंतर कळले. ते फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या, आधीच्या पद्धतीचे होते. त्यांत रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे नुसते चित्र बसवलेले असायचे, आपण वाचायचो ते मराठी आणि संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच. तो फॉन्ट नसेल तर मजकूरही नाही. आणि तो फॉन्ट चालायला संगणकाच्या मागे एक डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण, लावावा लागे. डीटीपीवाल्याचे दुकान बंद झालेले, डोंगल कुठे गेला ते त्यालाही ठाऊक नव्हते. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे. माझ्या आकृत्या त्याच्या 18 वर्षांनंतर केलेल्या होत्या आणि तरी त्या वाचता येत नव्हत्या. त्या वर्षीची दिवाळीची सुट्टी मी त्या आकृत्या पुन्हा काढण्यात घालवली, आणि तेव्हाच ठरवले की यापुढे आकृतीची मूळ फाइल अशा ठिकाणी ठेवायची, जिथे ती उघडायला कोणाची परवानगी लागणार नाही.

तसे सॉफ्टवेअर शोधणे सोपे गेले नाही, हेही सांगायला हवे. मी संगणकाची माणूस नाही. सुरुवात डिया नावाच्या सॉफ्टवेअरपासून केली. चौकटी आणि बाण यांना ते बरे होते, पण हृदयाची वळणे त्यात मनासारखी निघेनात. मग लिबरऑफिसमधला चित्रे काढण्याचा भाग, ड्रॉ, घेतला. ते मुलांना एका तासात येते. दोन चौकटी जोडणारी रेघ चौकटीला चिकटून राहते, चौकट हलवली की रेघही मागे येते, त्यामुळे अन्नसाखळी, जलचक्र, संस्थांचे आराखडे यांना ते फार सोयीचे पडते. प्रवाह-आकृत्यांसाठी ड्रॉ डॉट आयओ हाती लागले. त्याची संगणकावर उतरवून घेण्याची आवृत्ती इंटरनेटशिवाय चालते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेट किती दिवस असते हे आपल्याला माहीत आहे. सजीवांच्या वर्गीकरणाला ग्राफविझ वापरले. त्यात चित्र काढायचेच नसते. ‘प्राणी’खाली ‘पृष्ठवंशीय’, ‘पृष्ठवंशीय’खाली ‘मत्स्य’ असे नाते लिहून द्यायचे, वृक्षाची मांडणी ते स्वतः करते. प्रकाशकिरणांच्या आकृत्यांना जिओजेब्रा उत्तम आहे. शाळांना ते मोफत मिळते, पण त्याचा परवाना पूर्णपणे मुक्त, म्हणजे कोणालाही कसेही वापरू, वाटू आणि बदलू देणारा, नाही, म्हणून तिथे आकृती रेखून तिची एसव्हीजी या खुल्या स्वरूपातली फाइल काढून घ्यायची आणि मूळ म्हणून तीच जपायची, असा नियम आम्ही केला.

आणि इंकस्केप. जीवशास्त्राच्या आकृत्यांना त्याच्या तोडीचे दुसरे मुक्त सॉफ्टवेअर मला सापडले नाही. सुरुवातीला त्यातल्या नोडनी मला रडवले. मग एका मुलीनेच सांगितले, “बाई, हे ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच आहे. ठिपका कुठे ते ठरवायचं आणि रेघ कुठून कशी वळेल ते सांगायचं.” तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. फोटो म्हणजे रंगीत चौकोनांचा कशिदा, मोठा केला की टाके दिसू लागतात. व्हेक्टर आकृतीत ठिपके आणि त्यांच्यातली वळणे लिहून ठेवलेली असतात, त्यामुळे तीच आकृती वहीच्या कोपऱ्यातही बसते आणि भिंतीएवढी केली तरी फाटत नाही. वर्गात हे रांगोळीवरून सांगायला लागल्यापासून नोड कुणालाच अवघड गेलेले नाहीत.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी शाईच्या पेनाने काढलेल्या आकृत्यांचा गठ्ठा माझ्या हाती दिला. जास्वंदीचा तो उभा छेद, त्यातली पुंकेसरांची नळी, अंडाशयातली बीजांडे, इतकी स्वच्छ रेघ मी छापील पुस्तकातही पाहिलेली नाही. आम्ही ते कागद स्कॅन केले आणि इंकस्केपमधल्या ‘ट्रेस बिटमॅप’ने त्यांच्या रेघा व्हेक्टर करून घेतल्या. सरांचा हात आता त्या फाइलींत आहे. परिपत्रकानुसार या फाइली नव्या सॉफ्टवेअरच्या बंद स्वरूपात बदलून द्यायच्या आहेत. त्या एकदा तशा बदलल्या की शाळेत त्या कोणालाही उघडता येणार नाहीत.

आता माझ्या तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली तक्रार ‘अनधिकृत’ या शब्दाबद्दल आहे. इंकस्केप जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली येते. ते वापरायला, कितीही संगणकांवर बसवायला, मुलांना घरी न्यायला आणि त्याचा स्रोत, म्हणजे ते ज्या आज्ञांनी लिहिले आहे त्या, उघडून पाहायला तो परवाना स्पष्ट अधिकार देतो. आमच्या कक्षातली प्रत्येक प्रत पूर्णपणे कायदेशीर होती. उलट आपल्या नियमामुळे काय होईल याची मला भीती वाटते. परवाने दोन आणि शिक्षक कितीतरी. ज्याला रात्री घरी बसून आकृती दुरुस्त करायची आहे, तो त्या महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत कुठून तरी मिळवेल. त्याच्याकडून ती वर्गात येईल आणि मग मुलांच्या पेनड्राइव्हवर जाईल. मूल्यशिक्षणाचा तास घेणाऱ्या माणसाला संस्थेने अशा कोंडीत ढकलू नये.

दुसरी तक्रार वेळेची आहे. परिपत्रक आल्यानंतरच्या पहिल्याच घटक चाचणीत नववीच्या प्रश्नपत्रिकेत बहिर्गोल आणि अंतर्गोल भिंगांची नावे उलटसुलट पडली होती. पूर्वी ही दोन मिनिटांची दुरुस्ती होती. या वेळी मी चिठ्ठी पाठवली, फोन केला, कार्यालयातल्या ऑपरेटरने मनापासून प्रयत्न केला, पण त्याच्यापुढे बाकीच्या शाळांची रांग होती. प्रश्नपत्रिका तशीच छापली गेली. मुलांनी बरोबर उत्तर लिहावे की चित्राखाली छापलेले नाव खरे मानावे, हे मला वर्गात उभे राहून तोंडी सांगावे लागले. दोष त्या ऑपरेटरचा अजिबात नाही. जो शिक्षक आकृती शिकवतो त्याच्याच हातून ती काढून घेतली, की हे होणारच.

तिसरी तक्रार माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी आहे. आमच्या नववीत एक मुलगी आहे, तिला फार कमी दिसते. गेली दोन वर्षे प्रत्येक धड्याच्या आधी मी तिच्यासाठी आकृती वेगळी करून द्यायची. नेफ्रॉन पूर्ण ए-थ्री कागदावर, रेघ तीन मिलिमीटर जाड, राखाडी छटा सगळ्या काढलेल्या, नावे मोठ्या ठळक अक्षरांत, आणि ज्या भागांची त्या दिवशी गरज नाही ते पुसलेले. व्हेक्टर फाइल हातात असली की याला दहा मिनिटे लागतात, कारण प्रत्येक भाग वेगळा असतो आणि त्याची रेघ वेगळी जाड करता येते. ती मुलगी बोट ठेवून वृक्क नलिकेची वळणे मोजायची आणि मग मला विचारायची, “बाई, इथे पाणी परत जातं ना?” तिला ती आकृती कळली होती, हे मला त्या प्रश्नावरून समजायचे. आता मला कार्यालयाकडून छापील प्रत येते. झेरॉक्सच्या मशीनवर ती मोठी केली की रेघा फुटतात, अक्षरे बरबटतात आणि राखाडी भाग काळा होतो. गेल्या तीन धड्यांत तिने आकृतीबद्दल काही विचारलेले नाही.

चौथी तक्रार भाषेची. एसव्हीजी हे वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने 2001 मध्ये प्रमाणित केलेले खुले स्वरूप आहे. ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी त्यात ‘तंतुकणिका’ हा शब्द मराठीत वाचता येतो, शोधता येतो, बदलता येतो. शिक्षण मंडळाने पुस्तकातली एखादी संज्ञा बदलली तर सगळ्या फाइलींत तो शब्द एकदम बदलता येतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने केलेला मुक्ता, आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका, असे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट आज उपलब्ध आहेत, ते प्रत्येक शाळेत ठेवता येतात. परिपत्रकात मात्र युनिकोडचा शब्दही नाही. कार्यालयात जुनाच फॉन्ट वापरात आहे, हे मला दुरुस्तीसाठी आलेल्या फाइलवरून दिसले. 2009 साली मी जी चूक अज्ञानाने केली, ती संस्था आता नियम म्हणून करते आहे.

हे सांगताना समोरच्यांची बाजूही मी ऐकलेली आहे. कार्यालयाचे म्हणणे आहे की छापखाना मुक्त सॉफ्टवेअरची फाइल घेत नाही. यात तथ्य आहे. इंकस्केप रंगांचे काम पडद्याच्या आरजीबी पद्धतीने करते आणि छापखान्याला सीएमवायके, म्हणजे चार शायांची पद्धत, लागते. पण आपल्या प्रश्नपत्रिका आणि प्रयोगवह्या एका शाईत, काळ्या रेघेत छापल्या जातात. त्यांना पीडीएफ पुरते. वार्षिकांकासारखे रंगीत काम असेल तेव्हा मुक्त असलेल्याच स्क्रायबस या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमधून सीएमवायके पीडीएफ काढता येते. 2024 मध्ये आलेली त्याची 1.6 ही आवृत्ती देवनागरी जोडाक्षरे नीट मांडते. छापखान्याकडे पाठवायच्या प्रतीत अक्षरांचे आकारात रूपांतर करून द्यायचे आणि मजकूर असलेली मूळ फाइल आपल्याकडे ठेवायची, एवढे पथ्य पाळले की तिथे अक्षर बिघडत नाही. आम्ही आमच्या गावच्या छापखान्यात हे अनेकदा केले आहे.

दुसरा आक्षेप असा की मोफत सॉफ्टवेअरचा भरवसा काय, उद्या ते बंद पडले तर? भरवशाचे बोलायचे तर फ्रीहँड हे आकृत्या काढण्याचे विकतचे सॉफ्टवेअर आठवावे. एके काळी चित्रकार आणि छापखाने त्यावर चालत. 2005 मध्ये अडोबी या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने ते बनवणारी कंपनी विकत घेतली, 2007 मध्ये त्याचा पुढचा विकास थांबवला आणि लोकांच्या फाइली अडकल्या. पुढे 2013 पासून अडोबीने आपले मुख्य सॉफ्टवेअर वर्गणीवर नेले, म्हणजे वर्गणी थांबली की ते वापरणेही थांबते. इंकस्केपचा जन्मच उलट्या वाटेने झाला. सोडीपोडी नावाच्या मुक्त प्रकल्पाच्या दिशेबद्दल मतभेद झाले, तेव्हा 2003 मध्ये काही जणांनी त्याचा स्रोत घेऊन वेगळे काम सुरू केले. तसे करायला त्यांना कोणाची परवानगी लागली नाही. 1.0 आवृत्ती यायला 2020 उजाडले, पण आधीच्या आवृत्त्यांत केलेल्या फाइली त्यात उघडल्या. 2017 च्या आवृत्तीत एका इंचातल्या पिक्सेलची संख्या 90 वरून 96 झाली तेव्हा आमच्या काही जुन्या आकृत्यांचे माप चुकले, आलेखकागद तर पुन्हा जुळवावा लागला. तो त्रास खराच. पण फाइल उघडी असल्यामुळे काय बदलले ते आम्हाला दिसले आणि आम्ही ते स्वतः नीट केले.

आणि या वाटेवर आपण पहिले नसू. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, तिथल्या दहावीच्या पुस्तकात इंकस्केपचा धडा आलेला आहे. भारत सरकारने 2015 मध्ये आपल्या विभागांसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते आपल्यासारख्या खासगी संस्थेवर बंधनकारक नाही, पण सरकारला जे विश्वासार्ह वाटते ते आपल्या शाळेत ‘अनधिकृत’ कसे ठरते, याचे उत्तर मिळावे. शिकवायला माणूस नाही असे म्हणाल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात इंकस्केप आणि लिबरऑफिसचे पाठ आहेत. मी स्वतः त्यांवरूनच शिकले.

माझ्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रकातले सॉफ्टवेअर काढून टाकण्याचे आणि एकाच स्वरूपाची सक्ती करण्याचे कलम मागे घ्यावे. कार्यालयाने घेतलेले दोन परवाने जरूर वापरावेत, त्याला माझी हरकत नाही. शाळांवर मात्र ते लादू नयेत.

इंकस्केप, लिबरऑफिस, ग्राफविझ आणि स्क्रायबस प्रत्येक शाळेच्या संगणक कक्षात पुन्हा बसवावेत आणि ते अधिकृत असल्याचे लेखी कळवावे. हे लेखी हवेच, कारण सध्या मुख्याध्यापक घाबरलेले आहेत.

कोणतीही आकृती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये केली तरी तिची मूळ फाइल एसव्हीजी किंवा लिबरऑफिसच्या ओडीजी या खुल्या स्वरूपात, युनिकोड मराठी मजकुरासह, त्या त्या शाळेकडे राहावी. छपाईसाठी तिची पीडीएफ जाईल.

कमी दिसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी मोठ्या, जाड रेघेच्या आकृत्या देणे ही शाळेची जबाबदारी मानावी आणि ते काम करणाऱ्या शिक्षकाला त्यासाठी आठवड्यातून एक तास मोकळा द्यावा.

आमच्या आकृत्यांचा संग्रह, काढणाऱ्यांच्या नावांसह, क्रिएटिव्ह कॉमन्स या इतरांना वापरू देणाऱ्या परवान्याखाली सर्व मराठी शाळांना खुला करावा. निवृत्त चित्रकला सरांनी त्याला आनंदाने होकार दिला आहे.

आणि यापुढे असा निर्णय घेण्याआधी, जे शिक्षक या आकृत्या काढतात आणि वर्गात रोज वापरतात, त्यांच्यापैकी निदान तिघांना बैठकीला बोलवावे.

काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची प्रत आणि सगळ्या मूळ फाइली माझ्याकडे सुरक्षित आहेत. आपल्यापैकी कोणीही शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत आलात, तर हृदयाची 2009 ची फाइल आणि आजची फाइल शेजारी शेजारी उघडून दाखवीन. सोमवारी नववीचा पुढचा धडा सुरू होतो आहे. त्याआधी निदान एका संगणकावर इंकस्केप परत बसवू द्या, म्हणजे त्या मुलीची आकृती मला रविवारी करता येईल.

आपली,
संस्थेच्या एका शाळेतली विज्ञान शिक्षिका